गल्ल्यावरचा कॉब्डेन

मी रिचर्ड कॉब्डेन बोलतोय. म्हणजे खुद्द तो नव्हे, त्याचा चिनी मातीचा वीतभर अर्धपुतळा. अमेरिकेतल्या अर्विंगमधल्या गुरुनाथकाकांच्या किराणा दुकानात मी गल्ल्यावर असतो. मला पाय नाहीत, तरी आज तळपायाची आग मस्तकात गेलीय.

माझा जन्म इंग्लंडातल्या भट्टीतला. कॉब्डेन शेतकऱ्याचा मुलगा, पुढे कापडछपाईचा कारखानदार झाला. तिथल्या जमीनदारांनी परदेशी धान्यावर जकात लावून घेतली होती. त्यांची कोठारं सुखरूप आणि गिरणीतल्या मजुराच्या पोरांना पाव महाग! हा पठ्ठ्या स्वतःचा धंदा वाऱ्यावर सोडून गावोगाव भाषणं देत फिरला. तो जकातीचा कायदा रद्द झाला तेव्हाच थांबला.

इथे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातलं सामान विकायला निघालं, तेव्हा काकांनी मला हौसेने उचललं. टॅरिफमुळे, म्हणजे इथल्या जकातीमुळे, तांदूळ महागला की ते गिऱ्हाइकासमोर माझ्या डोक्यावर टपली मारत. "पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगून गेलाय हा, यार! ट्रेड ओपन ठेवा. कॉम्पिटिशनला घाबरतो तो कसला व्यापारी?" माती असून माझी छाती फुगायची.

आमच्याच प्लाझात, म्हणजे दुकानांच्या या रांगेत, दोन गाळे सोडून, नागपूरच्या सुवर्णाला पोळ्यांचं दुकान काढायचं होतं. नवऱ्याचा जॉब गेल्यापासून तिच्या पोळ्यांवरच घर चाललंय. आज सकाळी ती आली.

"काका, लँडलॉर्ड गाळा देत नाही म्हणतो. तुमच्या लीजमध्ये आहे म्हणे, प्लाझात दुसऱ्या कुणी इंडियन फूड विकायचं नाही. तुम्ही फक्त हो म्हणा ना त्याला, प्लीज."

काका फ्रीझरमध्ये फ्रोझन पोळ्यांची पाकिटं रचत होते. "अगं, तो क्लॉज सगळेच टाकतात. बिझनेस आहे हा. पर्सनली घेऊ नकोस."

लबाड कुठला! सरकारने वाट अडवली की अन्याय, आणि स्वतः अडवली की बिझनेस? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! माझ्या नाकासमोर एका बाईची भाकरी अडवली गेली आणि मला ओठसुद्धा हलवता येईना.

सुवर्णा रडली नाही. "रोज ह्यांचंच नाव घेता ना, काका?" एवढंच म्हणाली, मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि चालती झाली.

काकांनी अजून मला सरळ केलेलं नाही. चार वेळा हात पुढे आला आणि मागे गेला.

तुम्ही दुकानात आलात तर तांदूळ घ्या, डाळ घ्या, पण मला हात लावू नका. पलीकडच्या गाळ्यातून पोळ्या भाजल्याचा वास येईल, त्या दिवशी वळवा.