नाट्यगृहासाठी न उठलेला हात

सांगलीचं जुनं नाट्यगृह पाडून नवं बांधायचं, हे बोलण्यात कैक वर्षं गेली. शेवटी सरकारचा निधी मंजूर झाला तेव्हा लोकांनी आधी फोन केले ते नगरसेविका दीपमाला कांबळेला. महापालिकेत बसणाऱ्यांपैकी त्या रंगमंचावर तोंडाला रंग लावून उभी राहिलेली ती एकटीच होती.

पण निधीला एक अट होती. महापालिकेनं आपला वाटा घालायचा. तो काढायचा कुठून, तर नदीकाठच्या वस्तीतला नाला बांधायचं काम पुढच्या वर्षावर ढकलून. आणि ती वस्ती दीपमालाचीच.

विहाराच्या ओट्यावर धोंडिराममामा तिची वाट बघत बसले होते. वस्तीत त्यांच्या शब्दाला मान होता.

"नाटकघर व्हावं, आमी कुठं न्हाई म्हनतोय?" ते म्हणाले. "पन नदी चढली की नाल्यातनं उलटं पानी घरात शिरतंय. मागच्या पुरात धान्य गेलं, गाद्या गेल्या, पोरीच्या लग्नाचं फोटोसुदीक गेलं. आता तूच सांग, ताई."

"बघते, मामा," एवढंच ती बोलली.

घरी आली तरी तिला काही सुचेना. डोळ्यांपुढं ते नाट्यगृहच येत राहिलं, आताचं पापुद्रे सुटलेलं नव्हे, तिच्या पोरवयातलं.

नाथाजी गुरुजी शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी नाटकं बसवायचे. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी दीपमालाचं भाषण ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ घरी येऊन तिच्या आईकडं, बनाबाईकडं, पोरीला नाटकात पाठवा म्हणून मागणं घातलं. बनाबाई हळदीच्या गोदामात निवडायला जायची. हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं गुरुजींना चहा दिला आणि विचारलं, "घरी कोन आनून सोडनार?" गुरुजी म्हणाले, "मी." आणि तालीम असेतोवर रोज ते सायकल हातात धरून दीपमालाबरोबर वस्तीपर्यंत चालत आले.

पहिल्या प्रयोगाला बनाबाई गोदामातनं तशीच आली. आत आली, पण बसेना. दाराला टेकून उभी. रंगमंचाच्या कडेवरनं गुरुजींनी ते पाहिलं आणि नाटक सुरू व्हायच्या आत ते खाली उतरले. "बनाबाई, खुर्चीवर नंबर लिवलाय, कुनाचं नाव न्हाई. तुमच्या तिकिटाचा नंबर, ती तुमची खुर्ची." मग ती बसली, पण नाटक संपेपर्यंत खुर्चीच्या कडेवरच. घरी जाताना नाटकाबद्दल एक शब्द काढला नाही. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "गादी लय मऊ व्हती गं."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

नाल्याचे पैसे नाट्यगृहाकडं वळवायचा ठराव महापालिकेच्या सभेत येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी दीपमालानं सकाळची एसटी धरली आणि सातारा गाठला. गुरुजी तिथं मुलाकडं राहायचे, किल्ल्याच्या बाजूच्या चढावर. नजर पार गेलेली, पण तिच्या चपलांच्या आवाजावरनं म्हणाले, "दीपे, अजून टाच घासत चालतीस."

चहा झाला. मेलेल्या-जित्या सगळ्यांची चौकशी झाली. मग तिनं ठरावाचं सांगितलं. "गुरुजी, हात वर करू का नको?"

गुरुजींनी उलट विचारलं, "मागल्या पुरात तुमच्यात पानी कुठवर आलं व्हतं?"

"खिडकीच्या वर."

"मग मला इचारू नगंस. मी वर म्हननार. माझा सगळा जलम त्या थेटरात गेला. पन मी हितं डोंगराच्या अंगाला कोरडा बसलोय. कोरड्या मानसाचं ऐकू नये."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून होती. कराडच्या पुढं ऊस लागला, आणि तिला उगीचच रडू आलं.

सभेत ती उठून बोलली. नाला यंदा करा, नाट्यगृहाचा वाटा पुढच्या वर्षी घाला, अशी दुरुस्ती तिनं मांडली. अधिकाऱ्यांनी सांगितलं, तसं केलं तर निधी परत जाईल. दुरुस्ती पडली. मग मूळ ठराव आला आणि सभागृहभर हात वर झाले. दीपमालाचा उजवा हात मांडीवरच होता, आणि डाव्या हातानं तिनं तो घट्ट धरून ठेवला होता.

ठराव मंजूर झाला. बाहेर जिन्यात नाट्यसंस्थेचा अमृत माने उभा होता. तिच्याबरोबर त्यानं कितीतरी नाटकांत कामं केली होती, आणि नव्या नाट्यगृहासाठी चपला झिजवल्या होत्या त्याही त्यानंच.

"दीपे, तू?" तो म्हणाला. उत्तराला थांबला नाही.

त्या पावसाळ्यात नदी चढली. वस्तीत पाणी आलं, आधी नाल्यातनं, मग रस्त्यावरनं. शाळा माणसांनी भरून गेली. उरलेल्या माणसांना कुठं न्यावं, या विचारात दीपमाला गुडघाभर पाण्यात उभी असताना अमृतचा फोन आला. "थेटराची किल्ली माझ्याकडं हाय. पाडकाम अजून सुरू व्हायचंय. परवानगी घेतलीया. आन समद्यांना."

संध्याकाळपर्यंत उरलेली सगळी वस्ती नाट्यगृहात आली. म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसल्या. रंगमंचावर सतरंज्या पडल्या. मेकपच्या खोलीत एका बाळंतिणीची सोय झाली. मागच्या बाजूला अमृत खिचडीच्या पातेल्यापाशी घामाघूम झाला होता. धोंडिराममामा विंगेत बसून वर बघत होते. "एवढं उंच असतंय व्हय आतनं," ते म्हणाले. ते नाट्यगृहात पहिल्यांदाच आले होते.

दीपमाला ताटल्या घेऊन अमृतपाशी गेली. दोघं बराच वेळ नुसते वाढत राहिले.

"रागवलो व्हतो तुझ्यावर," शेवटी तो म्हणाला.

"ठाऊक हाय."

"नाला किती लांबीचा हाय गं?"

तिनं सांगितलं. पाणी ओसरल्यावर नाट्यसंस्थेच्या लोकांना घेऊन अमृत आयुक्तांकडं गेला. नाला झाल्याशिवाय भूमिपूजनाला आम्ही कुणी येणार नाही, म्हणाला. नाटकवालेच भूमिपूजनाला नाहीत म्हटल्यावर कशाकशातनं पैसे निघाले देव जाणे, पण दिवाळीनंतर नाल्याचं काम लागलं.

नाट्यगृह पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी दीपमाला रस्त्याच्या पलीकडं उभी होती. तिनं गुरुजींना फोन लावला.

"चालू झालं का?" त्यांनी विचारलं. "ऐकू दे."

तिनं फोन समोर धरला. एक भिंत खाली आली, धूळ रस्त्यापर्यंत आली. पुन्हा फोन कानाला लावला तर पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता.

"बास," गुरुजी म्हणाले. मग विचारलं, "आनि नाला कुठवर आलाय?"

"विहाराच्या पुढं गेला."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता नवं बांधतील तवा बायकांच्या मेकपच्या खोलीला आतनं कडी बसवून घे. जुन्या खोलीला न्हवती. तू कायम पाठीनं दार रेटून उभी राहायचीस."