पडवीतला सूर्य

हेमंतातली दुपार. यवतेश्वराच्या उतारावर केशरपिवळं, मंदमधुर ऊन लोळत होतं. गवत सोन्याचं झालं होतं, आणि त्या सोन्यावरून वारा हलके हलके बोटं फिरवीत होता.

पायथ्याच्या एका घरात, मागच्या पडवीत, मात्र ऊन पोचत नव्हतं. तिथं विश्वासराव इंगवले स्वतःचा सूर्य घडवीत होते.

वीज मंडळातून निवृत्त झालेला हा माणूस. आयुष्यभर त्यानं गावोगावी दिवे नेले. आता त्याला साऱ्या दिव्यांचा उगम पाहायचा होता. पोलादाचा एक पोकळ गोल, त्याच्या पोटात तारेचा इवलासा पिंजरा. हवा उपसून काढायची, जड हायड्रोजनचा श्वासभर वायू सोडायचा, विजेच्या प्रचंड दाबानं त्याचे कण एकमेकांवर धाडायचे, आणि दोन कण एक होण्याची वाट पाहायची. आकाशातल्या तेजोनिधीच्या पोटात जे युगानुयुगं चालतं, ते कणभर, क्षणभर, आपल्या घरी.

त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, त्या पडवीची धास्ती होती. मागच्या वर्षी विजेच्या झटक्यानं विश्वासराव भिंतीवर फेकले गेले. तळव्यावर काळानिळा डाग उरला, आणि दोघांमध्ये एक मूक, थंड अंतर. "पुन्हा असं झालं तर मी कऱ्हाडला ताईकडे जाईन. परत येणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आज ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"कुमुद, चल. बंद करायचं बटण तुझ्या हाती. आज नाही जमलं, तर सगळं मोडीत घालतो."

पदराला हात पुशीत त्या गेल्या.

शिशाच्या पत्र्याआड, दूर, दोघं बसली. समोरच्या छोट्या पडद्यावर गोलाच्या आतलं दिसत होतं. आधी अंधार, अथांग, आदिम अंधार. मग त्या अंधाराच्या गाभ्यात जांभळं काही थरथरलं. थरथरलं, सावरलं, आणि नीलजांभळ्या किरणांची एक चांदणी पिंजऱ्यात उमलली.

"यावर घरातला एक दिवा तरी लागेल का हो?"

"नाही गं. हा नुसता घेतो. देत काही नाही."

"मग कशासाठी?"

विश्वासरावांनी पडद्याच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथं गोलाशेजारी बांधलेली काचेची नळी दिसत होती, पारदर्शक रसानं भरलेली. कण खरोखर एक झाले, तरच त्यांतून सुटणाऱ्या न्यूट्रॉनमुळे तिच्यात बुडबुडा उमटणार होता. नळी कोरी होती. चांदणी सुंदर होती. पण ती नुसती चांदणी होती, सूर्य नव्हता. विजेचा दाब वाढवायला हवा होता.

विश्वासरावांचा हात दाबाच्या चावीकडे गेला, आणि अधांतरी थांबला. डागाळलेला तळवा त्यांनी मागं घेतला, सदऱ्याला पुसला.

कुमुदताई पाहत राहिल्या. इतके दिवस त्यांना वाटे, या माणसाला भयच नाही.

"अहो, तुम्हालाही भीती वाटते?"

"रोज वाटते."

पंप घुमत राहिला. पडद्याचा जांभळा उजेड कुमुदताईंच्या रुपेरी केसांवर झुळझुळत राहिला. लाल बटणावरचा अंगठा त्यांनी काढला नाही. दुसरा हात मात्र नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

"वाढवा," त्या म्हणाल्या. "मी आहे इथं."

चांदणी पांढरी झाली, प्रखर झाली, धगधगली. आणि त्या निर्मळ, निश्चल रसात मोहरीएवढा एक बुडबुडा उमलला. कुमुदताई पडद्याकडे झुकल्या. मग, किंचित वर, आणखी एक. आणि त्याच्याही वर, अगदी हळू, आणखी एक.