अनडिफाइन्डचे बोंबील

मित्रांनो, मी कोडचा एक जुना तुकडा आहे. प्रोग्रामर मंडळी मला फंक्शन म्हणतात. हात नाहीत, पाय नाहीत, तरी उत्तन गावच्या कोळणींच्या सुक्या मासळीचं एक वेबपान माझ्या जिवावर चाललंय. उगाच फुशारकी नाही मारत!

मला लिहिलं हेमांगीनं, कॉलेजात असताना, तिच्या द्वारकाआत्याच्या ओट्यावर बसून. काम साधं. गिऱ्हाइकानं मोबाइलवर बटण दाबलं की मासळी कोणाची, ते मी पडद्यावरच्या चिठ्ठीवर छापायचं. माझ्या पोटात एक शब्द आहे, 'धिस'. ज्याच्या नावानं मला हाक येईल त्याची मासळी, एवढाच त्याचा अर्थ. हेमांगीनं आत्याच्या नावानं हाक मारली, मी 'द्वारका' छापलं. शेजारच्या हंसाच्या नावानं मारली, मी 'हंसा' छापलं. "शहाणं गं माझं ते!" म्हणाली. मी फुलून गेलो.

तेव्हा एक व्यापारी सगळ्या बायकांची मासळी उचलायला तयार होता, पण पाकिटावर नाव त्याचं. द्वारका अडून बसली होती. "उन्हात तापायचा मी, नि नाव त्याचा? जमायचा न्हाय!" शेवटी ठरलं, हेमांगीचं पान चाललं तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा टेम्पो आला की होकार द्यायचा.

त्या दिवशी सकाळी बायका जमल्या. हंसानं द्वारकाचं बटण दाबलं. चिठ्ठी आली, 'अनडिफाइन्डचे सुके बोंबील'.

"ही कोन बाय? आपल्या गावची तर न्हाय!" हंसा म्हणाली. सगळा ओटा खदखदून हसला. द्वारका तेवढी हसली नाही. 'अनडिफाइन्ड' म्हणजे नाव ठरलेलंच नाही, हे हेमांगीकडून कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजे माजे बोंबील कोनाचेच न्हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी तरी काय करणार? हेमांगीनं मला बटणाच्या हाती नुसतंच सोपवलं होतं. आता हाक मारत होतं बटण, तेही स्वतःच्याच नावानं. बटणाची कसली आलीय मासळी?

हेमांगीनं चिडून माझ्या पोटातला 'धिस' पुसला आणि तिथं सरळ 'द्वारका' लिहिलं. मग हंसाचं बटण दाबलं, तर तिथंही द्वारकाच!

"माजा जवळा हिच्या नावावर? वा गं वा!" हंसा उखडली. हेमांगीचे डोळे भरून आले.

दुपारी द्वारका म्हणाली, "रडत नको बसू. हंसा बाजारात चाललीय, माजी टोपली तिच्याकडं दे. चिंधी बांध पहिली." तिथल्या बायकांची रीतच ती. आपली टोपली दुसरीच्या डोक्यावर द्यायची असली, की आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी टोपलीला बांधायची. म्हणजे नेणारी कोणीही असो, मासळी कोणाची ते कळतं. हेमांगी लहानपणापासून बांधत आलेली. गाठ मारता मारता तिचा हात थांबला.

"अगं बाई! मी ह्याला चिंधीच नाही बांधली!"

धावत येऊन तिनं माझा 'धिस' मला परत दिला. बटणाकडे देण्याआधी 'बाइंड', म्हणजे 'बांध', असं लिहून आत्याशी गाठ मारली. गंमत बघा, मी होतो तसाच मोकळा राहिलो. माझ्यातून एक नवं फंक्शन निघालं, द्वारकाच्या गाठीचं. मग दुसरं काढलं, हंसाच्या गाठीचं. आता बटण दाबू दे नाहीतर आणखी कोणी, गाठ सुटत नाही.

टेम्पो आला तेव्हा हंसा परतली होती. तिनं दोन्ही बटणं दाबली. 'द्वारकाचे सुके बोंबील.' 'हंसाचा जवळा.' टेम्पो रिकामाच गेला. द्वारकानं पडद्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. किती आनंद झाला म्हणून सांगू!

पुढं हेमांगीला पुण्यात नोकरी लागली. निघताना आत्यानं तिच्या लॅपटॉपच्या पिशवीला लुगड्याची चिंधी बांधली.

"आत्या, ऑफिसात हसतील गं."

"हसू दे. कोनाची हायस ते समजाला पायजे."

तर मित्रांनो, मला कुठंही पाठवा, कुणाच्याही हाती द्या, मी कामाला कधी नाही म्हणणार नाही. फक्त पाठवण्याआधी तेवढी गाठ मारा. हेमांगीनं ती चिंधी अजून सोडलेली नाही.