इंदुताईंच्या नावाची चिठ्ठी

चर्चच्या महिला संघाच्या बैठकीत पाळकबाईंनी नावांच्या चिठ्ठ्यांची टोपली पुढे धरली, आणि मी डोळे मिटून नेमकी इंदुताईंची चिठ्ठी उचलली. एवढ्या बायका असताना! आमच्या चर्चमध्ये लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला की ही पद्धत आहे. जिचं नाव येईल तिच्यासाठी ईस्टरपर्यंत रोज प्रार्थना करायची, स्वतःला तोशीस लावून तिची सेवा करायची आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही. ईस्टरच्या उपासनेनंतर एकेकीनं उभं राहून सांगायचं, अमकीची गुप्त मैत्रीण मी होते. मग गळाभेट, टाळ्या, चहा.

इंदुताई वाडीत माझ्या शेजारीच राहतात. माझ्या मुलाच्या, विहंगच्या लग्नात त्यांनी पंगतीत बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मटण कच्चं राहिलं" म्हटलं होतं. तेव्हापासून "जय ख्रिस्त"च्या पुढे मी त्यांच्याशी बोलले नव्हते. आता ह्याच बाईवर प्रेम करायचं, तेही गुपचूप.

त्यांना काय हवं ते शोधावं लागलं नाही. उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नळाला पहाटे तेवढी धार येते आणि इंदुताईंचे गुडघे कामातून गेलेले. वरच्या मजल्यावर मुलगा रविंद्र आणि सून काजल राहतात, त्यांच्याकडे टँकरच्या पाण्याची टाकी आहे. पण सासू-सुनेचा अबोला. चूल वेगळी, म्हणून पाणीही वेगळं. वरच्या पाण्याला इंदुताई हात लावणार नाहीत.

मी अंधारात उठून त्यांच्या अंगणातला ड्रम भरू लागले. त्यांचा भरून होईपर्यंत नळाची धार करंगळीएवढी झालेली असे.

"आपल्या घरी अर्ध्या बादलीत आंघोळ करून राहिलो मी," माझे यजमान म्हणाले. प्रेमानंद हिंगण्याला कारखान्यात जातात. "त्याग तुहा अन् घामोळ्या मले?"

खरं सांगते, त्यात प्रेम किती होतं मला माहीत नाही. बादल्या उचलताना कंबर भरून येई आणि मी ईस्टरला इंदुताईंचं तोंड कसं उतरेल ते रंगवत असे. त्यांनी सगळ्यांसमोर मटणाचा शब्द मागे घ्यावा, एवढंच मला हवं होतं. प्रार्थनेतही तेच यायचं.

ईस्टर आठवड्यावर आला तेव्हा इंदुताईंनी कुंपणापाशी येऊन मला हाक मारली.

"सुमती, आयकलं काय वं? माही काजल तोंडानं बोलत नाही, पण पहाटे उठून माहा ड्रम भरून ठेवते. मिहानच्या ड्युटीवरून एवढी थकून येते बिचारी, तरी."

मी दुखऱ्या कंबरेवर हात ठेवला.

"मीच हट्टाले पेटली होती. काल तिले खाली जेवाले बोलावलं."

"मंग? काय म्हणाली काजल?"

"काही नाही वं. रडाले लागली." आणि इंदुताईंनीही पदर डोळ्यांना लावला.

मी तणतणत घरात आले. माझ्या कंबरेच्या जिवावर काजल गुणाची सून ठरली होती!

"सांगून टाक," प्रेमानंद म्हणाले.

"मंग त्या दोघीचं काय होईन?"

"मंग नको सांगू."

"मंग चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलू?"

"मले ड्युटीले उशीर होऊन राहिला," म्हणत त्यांनी गाडीला किक मारली.

पाळकांनी रविवारच्या उपासनेत प्रेमाबद्दल कितीतरी उपदेश केले असतील, पण अशा वेळी काय करायचं ते एकातही आलं नव्हतं. खरं बोलणं म्हणजे प्रेम, की गप्प बसणं? गुडघे टेकून विचारलं, तरी काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे रागारागात पुन्हा बादली घेऊन गेले. का गेले, तेही कळलं नाही.

ईस्टरला इंदुताई काजलचा हात धरून चर्चमध्ये आल्या. दोघींच्या केसांत सारखाच गजरा. उपासना संपली, एकेक मैत्रीण उभी राहू लागली. कुणी कुणाचे कपडे शिवले होते, कुणी डबे पोचवले होते.

"इंदुताईंची मैत्रीण कोण?" पाळकबाईंनी विचारलं.

"कोणी नाही," इंदुताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "माह्यासाठी जे केलं ते माह्या सुनेनं. तिनं तर चिठ्ठी बी उचलली नव्हती."

टाळ्या पडल्या. काजलनं मान खाली घातली.

"पण चिठ्ठी कोणाकडे तरी असेलच ना?"

मी उभी राहिले. एका वाक्याचंच काम होतं, आणि ते वाक्य खरं होतं. मी काजलकडे पाहिलं. इंदुताईंनी तिचा हात मांडीवर घेतला होता.

"माझ्याकडे होती," मी म्हणाले. "मी काही केलं नाही."

कुजबुज झाली. पाळकबाई घाईनं पुढचं नाव घेऊ लागल्या. इंदुताईंनी मात्र सोडलं नाही.

"काहून वं सुमती, एवढा काय राग धरते माणूस? लेंटमध्ये बी?"

मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, पस्तावा झाला.

चहा न घेताच मी फाटकाकडे निघाले, तर मागून काजल धावत आली. ओढणीनं तोंड पुसत होती.

"काकू, मी रोज वरून पाहत होती तुम्हाले," ती म्हणाली. "पण आई पहिल्यांदा गोड बोलल्या हो. खरं काय ते तोंडातून निघेचना. काकू, नळाले पाणी किती वाजता येते?"

"पाचले. अन् उशीर केला तर भेटत नाही," मी खेकसले.

तिला पोटाशी धरावं की एक ठेवून द्यावी, तेच मला कळेना.