आधी गा, मग काप

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. नळाची नव्हे हं, सुराची. तसा माझा जन्म पाणी वाहायलाच झाला होता. रंग राखाडी, जाडी तुमच्या मनगटाएवढी, उंची वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीपेक्षा दोन बोटं जास्त. शाळेत हात धुवायची नवी जागा बांधली, तेव्हा माझ्या बहिणी भिंतीत गेल्या. अजून तिथेच आहेत बिचाऱ्या, अंधारात पाणी वाहत. मी आणि माझ्यासारख्या काही उरल्या, आणि आम्हाला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मी उरले म्हणून गायले. नाहीतर आज तुमच्या साबणाचा फेस पोटातून वाहून नेत असते.

आमची शाळा जरा निराळी आहे. इथे दिवसाचा पहिला तास गाण्याचा असतो, आणि तो रोज असतो. ज्याचा गळा गोड आहे तो गातो, ज्याचा फाटका आहे तोही गातो, आणि घरी भांडून आलेला तर जरा जास्तच मोठ्याने गातो. दुपारी डबे झाले की ‘हाताचा तास’. त्या तासाला एखाद्या गोष्टीबद्दल नुसतं वाचायचं नाही, ती करायची. क्षेत्रफळ शिकायचंय? मग बाकाला खोळ शिवा. उतार शिकायचाय? मग पावसाचं पाणी झाडांकडे वळवून दाखवा. सकाळच्या गाण्याची लय पोरं दुपारी करवतीला लावतात, त्यामुळे आमच्याकडे लाकूडसुद्धा तालात कापलं जातं.

हे सगळं सुरू केलं ते गाण्याच्या बाईंनी. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, पदराला भुसा लागलेला आणि तोंडाने सतत काहीतरी गुणगुणणं चालू. त्यांचा एक नियम होता: आधी गायचं, मग कापायचं. वाद्य बनवताना जो सूर हवा, तो पहिल्यांदा आपल्या गळ्यात आला पाहिजे. तो नसेल तर करवतीला हात लावायचा नाही. कारण जास्त कापलेलं कमी करता येत नाही. नियम वाद्यांपुरता होता, पण पोरं कसली ऐकतात. डब्यातली काकडी कापतानाही आधी सूर लावायची.

एके दिवशी बाईंनी मुलांना माझ्यासमोर उभं केलं. त्या दिवशी त्यांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता. मी तो पाहिला, पण मला काय कळतंय. मी तेव्हा साधी प्लंबिंगची वस्तू होते.

“यातून वाद्य होईल का?” बाईंनी विचारलं.

“बाई, हिच्यातून फार तर पाणी येईल,” एक जण म्हणाला.

बाईंनी पायातली रबरी चप्पल काढली. पोरं दोन पावलं मागे सरली. बाईंनी चप्पल माझ्या तोंडावर सपकन मारली, आणि माझ्या पोटातून आवाज निघाला: भूंऽऽ. मित्रांनो, आयुष्यात चप्पल खाऊन ज्यांचं भलं झालं अशी मी एकटीच असेन.

मग बाईंनी सा लावला. सगळ्यांनी तो उचलला. दोघींनी मला धरलं, तिसरीने करवत घेतली. माझा आवाज खोल होता, त्यांचा जरा वर, आणि दोन्ही एकत्र झाले की हवेत नुसती थरथर व्हायची, जसं कानात कुणी पीस फिरवतंय. बोटभर कापलं, चप्पल मारली. थरथर जरा सावकाश झाली. अजून एक बोट. अजून सावकाश. शेवटचं तर कापलंही नाही, नुसतं कानशीने घासलं. आणि मग थरथर थांबली. वीस-पंचवीस गळे आणि एक नळी, पण आवाज एकच. मला अंग म्हणजे नुसती पोकळी, तरी तिच्यावर काटा आला.

मी सा झाले. माझ्या मापावरून रे, ग, म अशा सगळ्या बहिणी कापल्या गेल्या. मोडक्या बाकाच्या पायांची चौकट करून आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं. आम्हाला वाजवायला जोड हरवलेल्या चपला गोळा केल्या. त्या सगळ्या डाव्याच कशा निघाल्या, हे शाळेत अजून कुणाला उलगडलेलं नाही.

पुढची वर्षं माझी चैनीची गेली. रोज सकाळी सगळ्यात आधी मी बोलायचे, मग शाळा. बाईसुद्धा माझ्याकडून सा घ्यायच्या. “आता हीच आपली मोठी ताई,” असं म्हणायच्या. विज्ञानाच्या मुलांनी बाटल्यांत पाणी भरून सूर लावले, ते माझ्यावरून. तारांची पेटी केली, तीही माझ्यावरून. शाळेची घंटासुद्धा कुणीतरी कानशीने घासघासून माझ्या सुरात आणली. पाहुणे यायचे, मला टकटक करून बघायचे आणि “वा” म्हणायचे. आमची मुलं पुढे दुसऱ्या शाळांत गेली, की सुट्टीत येऊन तक्रार करायची, “बाई, तिकडे सगळ्यांचा सूर जरा चुकतो.” सगळ्या जगाचा सूर चुकतो आणि फक्त आपलाच बरोबर आहे, याचं आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही.

नंतर बाई निवृत्त झाल्या. नवे सर आले. सर चांगले होते, गळाही छान. त्यांच्यासोबत एक कीबोर्डही आला, एका माजी विद्यार्थ्याने दिलेला, काळाभोर, चकचकीत. पहिल्याच सकाळी सरांनी त्यावर सा वाजवला आणि भोंग्याने मला चप्पल मारली. भोंगा म्हणजे आमचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा. त्या दोन सुरांनी हवेत अशी काही थरथर माजवली, की पहिल्या रांगेतल्या पिल्लांनी कानात बोटं घातली.

सरांनी पुन्हा वाजवून पाहिलं. “अरे, तुमची नळी उतरलेली आहे.”

“सर, तुमचा कीबोर्ड चढलाय,” भोंगा म्हणाला.

सर हसले, पण कीबोर्ड कंपनीतून आला होता आणि मी भिंतीमागून. त्या दिवसापासून सा कीबोर्ड देऊ लागला. आमची चौकट कोपऱ्यात सरकली. शेजारी फरशी पुसायची बादली आली. माझ्या एका तोंडात कोळ्याने संसार थाटला. मला तोंडं दोन असली तरी तक्रार एकानेही करता येत नाही. चप्पल पडेल तेव्हाच बोलायचं, आणि चप्पल तर कुणी मारेना.

म्हणजे, एक मुलगी मारायची. तिला सगळे टेप म्हणायचे, कारण गळ्यात कायम मोजायची टेप. मोजण्या-कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण गाण्यात तिचा सूर कुठल्या कुठे जायचा. आधीच्या शाळेत तिला म्हणे सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. आमच्याकडे आल्यावर बाईंनी तिला माझ्या शेजारी उभं केलं. “हिला पाठ टेकव आणि ऐक.” माझ्या पोटातला सूर तिच्या पाठीतून वर चढायचा आणि बरोबर गळ्यात जाऊन बसायचा. तिला एवढा एकच सूर हमखास सापडायचा. तो धरूनच ती बाकीचे शोधायची. कीबोर्डला पाठ टेकवता येत नाही. त्यामुळे टेप पुन्हा ओठ हलवायला लागली. शाळा सुटली की कोपऱ्यात यायची, बादली बाजूला सारायची, मला हळूच एक चप्पल मारायची आणि पाठ टेकवायची.

मग पालकांना वर्षाचं काम दाखवायचा दिवस जवळ आला. सरांना वाटलं, कीबोर्ड आणि नळ्या एकत्र वाजाव्यात. “सोपं आहे,” ते म्हणाले. “नळी जरा आखूड केली की सूर चढतो. सगळ्या थोड्याथोड्या कापू. टेप, हे काम तुझं. तुझ्याइतकं सरळ कुणीच कापत नाही.”

टेप म्हणाली, “हो सर.” दुसरं काय म्हणणार. तिला शाळेत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर शाबासकी मिळत होती, आणि तीही तिचा एकुलता एक सूर कापण्याबद्दल.

आधी सगळ्यात धाकटी, वरच्या साची नळी. घाईत गायचं राहूनच गेलं. कचकच करत एक वळं खाली पडलं. धाकटी कीबोर्डशी जुळली, पण माझ्याशी तिचं बोलणं बंद झालं. मी भूंऽऽ केलं की ती थरथरायची. सख्खी बहीण माझी.

मग मला आडवं ठेवलं. टेपने खूण केली, माझ्या कडेपासून अंगठाभर आत. करवतीचे दात खुणेवर टेकले. थंडगार लागले.

आणि तिथेच ती थांबली.

“काय गं?” सर म्हणाले.

“सर, आधी गायचं असतं.”

“हां, मग गा की.” सरांनी कीबोर्डवर सा धरला.

सगळ्यांनी सूर लावला. सरांनी बोट उचललं मात्र, अख्खा वर्ग घसरगुंडीवरून आल्यासारखा हळूहळू खाली आला आणि माझ्या सुरावर येऊन थांबला. सरांनी पुन्हा सा दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर भोंगा खाली घसरू नये म्हणून टाचा वर करून उभा राहिला, तरी घसरलाच.

टेपने करवत खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते. “सर, जो सूर कापायचा तो आधी गळ्यात लागतो. हा कुणाच्याच गळ्यात नाहीये. मला नियमाने कापता येत नाही.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ओठ हलवणारी मुलगी एवढं बोलली होती.

“मग काय करू या?” सरांनी विचारलं. चिडून नव्हे, खरंच विचारलं.

“कापलेली नळी परत जोडता येत नाही सर. आणि आखूड केली तर ती परत मिळणार नाही. कीबोर्डला कापायला लागत नाही ना? मग त्यालाच जरा खाली यायला सांगा.”

भोंगा फिसकन हसला. पण सर हसले नाहीत. त्यांनी कीबोर्डची बटणं दाबायला सुरुवात केली. हे दाबलं तर ढोल वाजला, ते दाबलं तर पक्षी ओरडले. शेवटी सूर बारीक बारीक उतरवायची सोय सापडली. टेपने मला उभं केलं आणि चप्पल मारली. सर बटण दाबत राहिले. थरथर जलद होती, मग सावकाश झाली, मग अजून सावकाश. आणि थांबली. टेपने माझ्यावर हात ठेवला तेव्हा तो ओला होता.

धाकटीला गेलेली लांबी भरून काढायला रुंद नळीचं एक वळं बसवलं, वर-खाली सरकणारं. ती पुन्हा माझ्याशी बोलायला लागली. आवाज जरा घोगरा झालाय तिचा, पण लहान मुलांना तोच आवडतो.

पालकांना काम दाखवायच्या दिवशी बाईही आल्या. केस पूर्ण पिकलेले, पेन्सिल मात्र होती. कार्यक्रम झाल्यावर सरांनी त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, “बाई, तुमचा सा नेहमीपेक्षा खाली कसा हो?”

बाई आधी आठवत राहिल्या. मग अशा हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. “अरे, ही कापली त्या दिवशी मला सर्दी होती. आवाज बसला होता माझा. मी म्हटलं, हिच्यावरून घेऊ आता सा, ही काय चुकणार आहे?”

म्हणजे मित्रांनो, इतकी वर्षं बाटल्या, तारा, घंटा आणि एवढी मोठी शाळा बाईंच्या सर्दीत गात होती. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही बादलीमागे लपावंसं वाटलं असतं.

“मग आता कापायची का?” भोंग्याने विचारलं. टेप माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“थांब,” बाई म्हणाल्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, पण चप्पल घेतली नाही. डोळे मिटून त्यांनी सा लावला. म्हातारा, जरा कापरा, खोल. मग टेपला खूण केली. टेपने मला चप्पल मारली.

थरथर झालीच नाही.

“वयाने आवाज उतरतो बाळा,” बाई म्हणाल्या. “आता सर्दी नसली तरी माझा सा इथेच येतो.” आणि त्यांनी मला पाठ टेकवली. शेजारी टेपने टेकवली. दोघी गायल्या. टेपचे ओठ नुसते हलत नव्हते, हे मागच्या रांगेतल्या तिच्या आईलाही ऐकू गेलं.

मित्रांनो, बाई जिथे आता पोहोचल्या, तिथे मी आधीच जाऊन त्यांची वाट बघत बसले होते. मला तर वाटतं, मी त्याचसाठी उरले होते.

आता माझ्या कडा झिजल्यात, चौकटीचा एक पाय डुगडुगतो. रोज सकाळी कुणीतरी नवीन, घाबरलेलं पोर माझ्या शेजारी उभं राहतं आणि मी त्याच्या पाठीतून वर चढते. तुमच्याकडे मागायचं ते थोडंच आहे. चप्पल झिजली की बदला. कोळ्याला हळूच बाहेर काढा, तोही कुणाचा तरी बाप असेल. आणि कुठलीही जुनी गोष्ट जुळत नाही म्हणून हातात करवत घ्याल, तेव्हा क्षणभर तिला पाठ टेकवून बघा. कुणाचा सूर तिने सांभाळून ठेवलाय, ते आधी ऐका.