एवेलिओ तुयुबची हजेरी

रविवारी सकाळी नेयदीने एकच सदरा दोनदा इस्त्री केला, आणि तरी तो तिला चुरगळलेलाच वाटला. सभा दहाला होती. साडेआठपासून ती घरात येरझारा घालत होती. झुल्याची दोरी सोडायची, पुन्हा बांधायची, दारात जाऊन उन्हाकडे बघायचं, परत आत यायचं. शेवटी आई भरतकामावरून मान वर न करता म्हणाली, "बस गं एका जागी. अंडं घालायला आलेली कोंबडी अशी फिरते."

"आज घालायचंच आहे," नेयदी म्हणाली.

"मग घाल. पण आधीच कलकलाट नको."

आज गावसभेत ठरणार होतं, की तुयुब घराचा वाटा कुणाच्या नावावर जाणार. गावाच्या सामायिक जमिनीत एक सेनोते होतं, चुनखडीच्या छताखालचं खोल निळं पाणी. बसा भरभरून पर्यटक येत, फुगीर जाकिटं घालून त्यात डुंबत, आणि त्यांना खाली नेण्याचं काम गावातल्या चाळीस घरांना आळीपाळीने मिळे. एका घराला एक वाटा, एका वाट्यावर एक माणूस. वाटा असला की आपल्या घरी राहून पोट भरता येतं. नसला की पहाटे चारची हॉटेलवाल्यांची बस. दोन तास जायचे, दोन तास यायचे आणि मधे दिवसभर परक्या लोकांच्या चादरी बदलायच्या. विशीतल्या नेयदीने ते आठ महिने केलं होतं. त्या बसची तिला इतकी शिसारी होती, की रस्त्यावर ती बस दिसली तरी ती तोंड फिरवायची.

वाटा होता तिच्या वडिलांच्या, एवेलिओ तुयुबच्या नावावर. लहानथोर सगळे त्यांना ताताच म्हणत. साखरेच्या आजाराने तातांचे डोळे गेले होते. न दिसणाऱ्याने लोकांना पाण्यात कसं न्यायचं? तेव्हा वाटा कुणाला तरी देऊन टाका, असा सभेचा निरोप आला होता.

दावेदार दोन. एक नेयदी, आणि दुसरा तिचा थोरला भाऊ विल्बेर. तो गेल्या महिन्यापर्यंत किनाऱ्यावरच्या हॉटेलात पोहण्याच्या तलावाकाठी पेयं भरायचा. मग समुद्राने किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग आणून टाकले, पाहुणे आटले, आणि हॉटेलाने शंभर पोरांना घरी पाठवलं. विल्बेर काही ऐतखाऊ नव्हता. तीन वर्षं तातांची इंजेक्शनं त्याच्याच पगारातून आली होती. हे नेयदीलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं.

पण ती निर्धास्तही होती. कारण नियम साफ होता: वाटा त्याला मिळेल, ज्याने घरातर्फे फाहिना केली. फाहिना म्हणजे दर सोमवारचं गावाचं सक्तीचं श्रमदान. कोयता घेऊन वाट साफ करायची, पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं, कचरा उचलायचा. तातांचे डोळे अधू झाल्यापासून दोन वर्षं तुयुब घरातून नेयदी जात होती. पावसात गेली, तापात गेली, एकही सोमवार चुकवला नाही.

फक्त एक होतं. हजेरी घेणारा "तुयुब" असं ओरडला की ती सांगायची, "एवेलिओ तुयुब, हजर." वाटा वडिलांचा, तर हजेरी दुसऱ्याच्या नावाने कशी लावायची? गावात कुणीच लावत नसे. बाप जिवंत असताना यादीत आपलं नाव घालणं म्हणजे त्याला अर्धा पुरल्यासारखं. बाप्ये हसायचे. "काय ताता, आज वेणी छान घातलीत," म्हणायचे. तीही हसायची. त्या हसण्याची किंमत तिने कधी मोजली नव्हती.

सभागृहात लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. बाहेर चौकात रविवारच्या कोचिनीताचा, भाजलेल्या डुकराच्या मटणाचा वास सुटला होता, त्यामुळे सगळ्यांनाच सभा लवकर उरकायची होती. ताता मधल्या रांगेत ताठ बसले होते, विल्बेर त्यांच्या शेजारी. नेयदी मागे भिंतीशी उभी राहिली. बसणं तिला शक्यच नव्हतं.

सभेचे अध्यक्ष फिदेन्सिओ उक यांनी घसा साफ केला. "ताता, तुमच्या वाट्याचं काय ते बोला. दिसत नाही म्हणतात तुम्हाला."

"म्हणणाऱ्यांचं काय," ताता म्हणाले. "यादी बघ."

फिदेन्सिओंनी वही उघडली. "एवेलिओ तुयुब. दोन वर्षं सगळे सोमवार हजर."

"मग झालं तर. आंधळा माणूस फाहिना करतो का? वाटा माझ्याकडेच राहील. पुढच्या वर्षी बघू."

 नेयदीने आजूबाजूला बघितलं. याच बाप्यांनी तिच्या वेणीची थट्टा केली होती, आणि आता सगळे मूग गिळून बसले होते. कोण बोलणार? निम्म्या यादीत म्हाताऱ्यांची नावं होती आणि कोयते त्यांच्या सुना-लेकी चालवत होत्या. एकाचं झाकण उघडलं, की निम्म्या घरांची उघडली असती.

तातांचा डावही तिला कळला. दोघांपैकी एकाला देऊन दुसऱ्याचं तोंड त्यांना बघायचं नव्हतं. शिवाय वाटा गेला, की ते नुसते झुल्यातले म्हातारे. कळलं तिला सगळं, पण त्याने राग कमी झाला नाही, उलट वाढला.

"फिदेन्सिओमामा, मला एक विचारायचंय तातांना," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला.

माना वळल्या. विल्बेर पुटपुटला, "नेयदे, घरी बोलू."

"घरी बोलायचं होतं तर इथे खोटं कशाला?" ती पुढे आली. "ताता, तुम्ही दोन वर्षं तो जिना घासलात ना? मग सांगा, खाली उतरताना कितवी पायरी तुटकी आहे?"

 भर सभेत बापाची परीक्षा घेणारी पोरगी या गावाने अजून बघितली नव्हती.

तातांनी हनुवटी किंचित वर केली. "अकरावी," ते म्हणाले. "उजवीकडून."

कुणीतरी "वा" म्हणालं. खुर्च्या कुरकुरल्या, फिदेन्सिओंनी सुटकेचा श्वास टाकून वही मिटायला घेतली.  उत्तर बरोबर होतं. आणि ते तातांना कुठून कळलं, हेही नेयदीला त्याच क्षणी आठवलं. आपणच त्यांच्या हातात हत्यार दिलं. आता उद्यापासून चारची बस.

"थांब फिदेन्सिओ," ताता म्हणाले.

 मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या पायरीवरून ही पडली होती. नडगी सोलवटून घरी आली. रक्त मी पुसलं, चाचपडत. तेव्हा विचारलं, पोरी, कितवी गं? ही म्हणाली, अकरावी." त्यांनी कोरड्या डोळ्यांवरून हात फिरवला. "जिना मी दोन वर्षांत पाहिलेला नाही. लिहा तिचं नाव."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका सुनेने सासऱ्याकडे असं बघितलं, की म्हातारा छताचा पंखा न्याहाळू लागला. फिदेन्सिओंनी पेन पुढे केलं. नेयदीने सही केली. स्वतःचंच नाव तिला परक्याचं वाटलं. जिंकलो तर उडी मारावीशी वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काहीच झालं नाही. तातांना चारचौघांत उघडं पाडलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सभा मोडली, लोक कोचिनीताकडे पळाले. ती तातांना घ्यायला रांगेत शिरली, तर त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी. उघड्या दारातून तिला विल्बेर दिसला. चौकापलीकडे हॉटेलांच्या बसला माणसं पुरवणारा मुकादम उभा होता, आणि विल्बेर टोपी काढून त्याच्यासमोर, पोरसवदा नवशिक्यासारखा.

"विल्बेर आहे ना गं?" तातांनी विचारलं.

"आहे की. तुमच्या बाजूलाच."

तातांनी हात बाजूला पसरला. नेयदी घाईने त्या खुर्चीत बसली आणि आपला हात पुढे केला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"माझ्यावर राग धरू नकोस, पोरा," ते म्हणाले.

नेयदीने ओठ घट्ट मिटून घेतले.