काकांसमोर पाय पसरायचे नाहीत

इहसानने आपलं एक मूत्रपिंड धाकट्या भावाला, सबरीला दिलं, त्याला महिना होत आला होता. तेव्हापासून ती त्याच्यावर अशी नजर ठेवून असे, जणू आपलं लेकरूच तिने त्याच्याकडे सांभाळायला दिलंय.

"पाणी प्यालास का? माझं मूत्रपिंड कोरडं ठेवशील तर याद राख!"

"एकदा दिलं की दिलं, ताई. आता ते माझं ऐकतं," सबरी हसून म्हणायचा.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. नवं मूत्रपिंड ओटीपोटात उजवीकडे बसवलंय, पायातून वर येणारं रक्त त्याच्या शेजारूनच जातं. अशा ऑपरेशननंतर रक्ताची गाठ होण्याची भीती असते. म्हणून चालत राहा, पाय मुडपून बसू नका. एकच पाय सुजला तर लगेच या. आणि पाहुणे सध्या नकोत.

मन्सूरा शहरातल्या त्या घरात पाहुणे येतच नव्हते. येत होते ते सगळे घरचेच! कुणी भात भरलेली कबुतरं आणी, कुणी तुपातली पापुद्र्यांची रोटी, फतीर. अब्दुल गव्वाद काका तर काकूंना घेऊन दुपारच्या नमाजानंतर रोज हजर. मास्क हनुवटीखाली, हातात चहाचा पेला. वडील गेल्यावर त्यांनीच या दोघांना वाढवलेलं. त्यांच्याकडे तळवे करून पाय पसरायचे, हे सबरीच्याने होईना. काका आले की तो मांडी घालून बसे, आणि काका उठेपर्यंत तसाच.

त्या दुपारी चहा ठेवताना इहसानला पांघरुणाखालून त्याचं उजवं पाऊल दिसलं. फुगलेलं, चकचकीत.

"पाय दाखव."

"नंतर, ताई. काका बसलेत ना."

"सबरी!"

"अगंबाई, सूज आलीय," काकू म्हणाल्या. "कोमट तेल आण, मी चोळून देते."

इहसानने त्यांचा हात धरला. "नको काकू! आत गाठ असली तर चोळल्याने सुटेल, थेट छातीत जाईल."

काकांनी पेला खाली ठेवला. "कधीपासून आहे हे?"

"परवापासून," सबरी पुटपुटला. "पण तुमच्यापुढे पाय कसे पसरू?"

काका त्याच्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "गाढवा, तुझे लंगोट धुतलेत मी. हे तळवे मला नवीन आहेत होय?"

टॅक्सीत त्यांनी सबरीचे दोन्ही पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. पुढे बसलेली इहसान आपल्या कुशीतल्या व्रणावर हात ठेवून मनात त्या मूत्रपिंडाला म्हणत होती, 'टिकून राहा गं बाई, तिथेच टिकून राहा.'

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पायात गाठ आहे. पण वर सरकलेली नाही, मूत्रपिंडाला रक्त छान मिळतंय. वेळेवर आणलंत." रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली.

सबरी घरी परतला, तेव्हा काका मास्क नाकावर ओढून आले आणि बसलेच नाहीत.

"इहसान, चहा सज्जात ठेव. आम्ही चालत येतो तिथवर."

दोघं हातात हात घालून तीनदा गेले, आले. मग सबरी पलंगावर टेकला. त्याने काकांकडे पाहिलं आणि लाजत लाजत पाय पसरले.

काकांनी खुर्ची ओढून बरोब्बर त्या तळव्यांसमोर घेतली, चष्मा पुसला आणि हाक मारली,

"इहसान, या मुलाच्या टाचा बघ जरा! घासतो की नाही कधी?"